हळदीत कडधान्याचे आंतरपीक: हिशोब पंचाहत्तर दिवसांचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकरभर हळद, गादीवाफा (उंच केलेला वाफा) आणि ठिबक. मधल्या रिकाम्या जागेत कोणते शेंगवर्गीय पीक घ्यावे, त्यामुळे हळदीचे खत किती कमी करता येईल आणि हळदीचे उत्पादन घटेल का?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो. 'कडधान्य लावले की हळदीला फुकट नत्र मिळते' हे अर्धेच खरे आहे. मुगाच्या मुळांवरच्या गाठींत बांधले गेलेले नत्र आधी मुगाच्या पानात जाते आणि नंतर दाण्यात. दाणा आपण शेताबाहेर नेतो. झाड उभे असताना शेजारच्या हळदीला त्यातले फारच थोडे मिळते. जे मिळते ते पाला, काडी आणि मुळे कुजल्यावर. प्रत्येक वाफ्यावरच्या दोन ओळी मुगाचा शेंगा तोडून उरलेला वाळका पाला एकरी ४ क्विंटल धरला आणि त्यात दीड टक्का नत्र धरले, तर ते ६ किलो होते, म्हणजे साधारण १३ किलो युरियाइतके. तेही सगळे त्याच हंगामात हाती लागत नाही. हळदीला एकरी ८० किलो नत्र देत असाल तर त्यापुढे ही रक्कम किती लहान आहे ते दिसतेच. म्हणून खतात कपात करायचीच तर ती भरणीच्या (हळदीच्या बुंध्याला माती लावण्याच्या) वेळच्या हप्त्यात, आणि पाच किलो नत्रापेक्षा जास्त नाही. आंतरपीक घेतले म्हणून पहिला हप्ता कमी करू नये. त्या वेळी कडधान्य देणारे नसते, घेणारेच असते.

मग आंतरपीक घ्यायचे कशासाठी? हळद पहिले अडीच महिने जमीन वापरत नाही म्हणून. बेणे लावल्यापासून उगवायलाच १५ ते ३० दिवस जातात, आणि दीड महिन्याची हळद म्हणजे तीन-चार पानांचा कोंब. पाने एकमेकांना भिडायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर उघड्या वाफ्यावर तण वाढते, पावसाने माती झिजते आणि ऊन वाया जाते. ही जागा कडधान्याला द्यायची, पण मुदतीच्या कराराने. लागवडीपासून ७५व्या दिवशी आंतरपीक वाफ्यावर नसले पाहिजे. अडीच ते तीन महिन्यांच्या दरम्यान भरणी येते, नत्राचा पुढचा मोठा हप्ता येतो आणि फुटव्यांची गर्दी सुरू होते. ही तीन कामे आंतरपिकासाठी अडली की नफ्याचे तोट्यात रूपांतर होते.

ते आकड्यात पाहा. एकरी १०० क्विंटल ओली हळद धरू. आंतरपिकामुळे पाच टक्के घट आली तर ५ क्विंटल ओली, म्हणजे वाळवून साधारण १ क्विंटल हळद गेली. दोन ओळींच्या मुगापासून मिळणारे धान्य सव्वा ते दीड क्विंटल. म्हणजे हळदीतली फक्त पाच टक्के घट मुगाची जवळजवळ सगळी कमाई गिळते, आणि मजुरी वेगळीच. शेतात डोळ्यांनी पाच टक्के घट दिसत नाही, म्हणून लोकांना आंतरपीक नेहमी फायद्याचेच वाटते.

आता पिकाची निवड. चार गोष्टी पाहायच्या: किती दिवसांत निघते, झुडूप आहे की वेल, काढताना माती उकरावी लागते का, आणि दाणा भर पावसात पक्व होतो का.

मूग आणि उडीद दिवसांच्या परीक्षेत पास होतात. लवकर येणारे वाण ६० ते ७० दिवसांत मोकळे होतात. अडचण पावसाची आहे. पक्व शेंगा भिजत राहिल्या की दाणा शेंगेतच मोड धरतो, बुरशी येते आणि मालाला भाव राहत नाही. म्हणून एकाच वेळी पक्व होणारा, शेंगा पानांच्या वर येणारा वाण घ्यावा. शेंगा काळ्या पडू लागल्या की उघडीप मिळेल तशा दोन तोडण्यांत काढाव्यात, सगळे झाड वाळण्याची वाट पाहू नये. दुसरी भीती पिवळ्या मोझॅकची. हा रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. उन्हाळ्यात पाण्यावर हळद लावून लगेच मूग पेरला तर धोका वाढतो. तिथे रोगाला तोंड देणारे वाणच घ्यावेत आणि पिवळे ठिपके दिसलेली पहिली झाडे उपटून लांब न्यावीत.

श्रावण घेवडा हिरव्या शेंगांसाठी घेतला तर पावसात दाणा कुजण्याचा प्रश्न उरत नाही. बुटक्या वाणाची तोडणी ४५ ते ५० दिवसांनी सुरू होते आणि सत्तरीच्या आत आटोपते. लहान शेतकऱ्याला ताजा माल विकायची सोय जवळ असेल तर मुगापेक्षा हे पीक बरे. मात्र एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते: घेवडा शेंगवर्गीय असला तरी नत्र स्थिर करण्यात कच्चा आहे. त्याच्या मुळांवर गाठी कमी येतात आणि उशिरा येतात. त्याला नत्र दिले नाही तर तो हळदीच्या वाट्याचे ओढतो. प्रत्येक वाफ्यावर एक ओळ असेल तर एकरी २० किलो युरिया फक्त घेवड्याच्या ओळीला, पेरणीच्या वेळी अर्धा आणि २० ते २५ दिवसांनी अर्धा. हा हळदीच्या खतातून वजा करायचा नाही.

चवळी जोमदार असते, गाठीही भरपूर येतात. पण वाण झुडुपीच हवा. वेल जाणारी चवळी पन्नासाव्या दिवशी हळदीच्या पानांना वेढे घालते, आणि ती सोडवताना पाने फाटतात. सोयाबीन मी वाफ्यावर सुचवणार नाही. बहुतेक वाण ९० ते १०५ दिवस घेतात आणि पानांची छत्री दाट असते, म्हणजे भरणीशी थेट टक्कर. भुईमूग तर नाहीच. काढताना माती उकरली जाते आणि त्याच मातीत हळदीची कोवळी मुळे पसरलेली असतात. शिवाय पांढऱ्या बुरशीच्या खोडकुजीला तो आवडीचा यजमान आहे.

तूर दीडशे दिवसांवर जाते, तिला वाफ्यावर जागा नाही. बांधाच्या कडेने एक ओळ लावली तर वारा अडतो, थोडी सावली मिळते, आणि हळद हलकी सावली सोसते. मका कडधान्य नाही, तरी विचारतात म्हणून सांगतो: उंच, खादाड आणि नत्राचा थेट स्पर्धक, तेव्हा तो टाळावा.

मांडणी. वाफ्याच्या मध्यापासून पुढच्या वाफ्याच्या मध्यापर्यंत १५० सेंमी, वाफ्याचा माथा ९० सेंमी, सरी ६० सेंमी, उंची २५ ते ३० सेंमी. माथ्यावर हळदीच्या दोन ओळी ३० सेंमी अंतराने, बरोबर मधे लॅटरल (ठिबकची नळी). दोन गड्ड्यांत ३० सेंमी. एकरात वाफ्यांची एकूण लांबी सुमारे २,७०० मीटर भरते, म्हणजे १८,००० गड्डे. ५० ग्रॅमचा जेठा गड्डा (मातृकंद) धरला तर ९ क्विंटल बेणे, आणि नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला एक क्विंटल जास्त. आंतरपिकासाठी हळदीचा एकही गड्डा कमी करायचा नाही. हळदीची संख्या पूर्ण ठेवून वरची भर म्हणूनच कडधान्य घ्यायचे.

कडधान्याची ओळ दोन हळदीच्या मधे नको, वाफ्याच्या खांद्यावर हवी, कडेपासून ५ सेंमी आत. तिथून हळदीची ओळ २५ सेंमी लांब राहते. याची दोन कारणे. लॅटरलमधून जाणारे नत्र मधल्या पट्ट्यात राहते. कडधान्याच्या मुळाशी नत्र जास्त झाले की ते गाठी बनवण्यात कुचराई करते, म्हणजे तुमचा युरिया खाऊन आळशी होते. दुसरे कारण छाटणीचे: खांद्यावरचे झाड विळ्याने कापायला सोपे असते, मधल्या ओळीत हात घातला की हळदीचे कोंब मोडतात.

मुगासाठी दोन्ही खांद्यांवर ओळ, दोन रोपांत १० सेंमी. एकूण ५४,००० रोपे. हजार दाण्यांचे वजन ३५ ते ४० ग्रॅम असते, त्यामुळे निव्वळ बियाणे दोन किलोच लागते. उगवणीची तूट धरून अडीच ते तीन किलो घ्यावे. सलग मुगात एकरी सव्वा लाखाच्या पुढे रोपे असतात, म्हणजे इथे जेमतेम चाळीस टक्के गर्दी आहे. ती वाढवण्याचा मोह टाळावा. घेवड्याला प्रत्येक वाफ्यावर एकच ओळ, दोन रोपांत १५ सेंमी, बियाणे साडेसहा किलोच्या आसपास. ओळी अशा मांडाव्यात की एका सरीच्या दोन्ही बाजूंना घेवडा येईल आणि पुढची सरी मोकळी राहील. तोडणीची सगळी पायपीट अर्ध्याच सऱ्यांत होते. उरलेल्या अर्ध्या पाण्याच्या निचऱ्याला आणि खुरपणीला तुडवल्याविना मिळतात. ओल्या सरीत दहा वेळा माणूस फिरला की माती दाबली जाते, पाणी थांबते आणि कंदकूज तिथूनच सुरू होते.

पेरणीची वेळ हळदीच्या लागवडीच्या दिवशीच, फार तर आठवड्याच्या आत. 'हळद उगवू दे, मग मूग टाकू' ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तीन आठवडे उशीर झाला तर साठ-पासष्ट दिवसांचा मूग हळदीच्या ८५व्या दिवसापर्यंत उभा राहतो. लागवडच लांबली असेल, किंवा पावसाने पहिला आठवडा हातातून गेला असेल, तर त्या वर्षी आंतरपीक सोडून द्यावे. नाहीतर ताग (हिरवळीच्या खताचे पीक) फेकावा, त्याबद्दल पुढे.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. थायरमसारख्या रसायनाच्या ओल्या लेपावर रायझोबियम (गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) लावले तर जिवाणू मरतात. त्याऐवजी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) वापरला तर ही कटकट राहत नाही. रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला असते, तेव्हा तीन किलो मुगाला ५० ते ६० ग्रॅम पुरते. गुळाचे कोमट नव्हे, पूर्ण थंड झालेले पाणी बियाणे चिकट होण्यापुरतेच घ्यावे. बियाणे भिजवू नये, मुगाचे साल सुटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. पाकीट त्या-त्या पिकाचेच असावे: मूग, उडीद आणि चवळी यांना एका गटाचे चालते, घेवड्याला त्याचे वेगळे, सोयाबीनचे तर कुणालाच चालत नाही. मुगाच्या ओळीत एकरी ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट जास्तीचे द्यावे. गाठींना स्फुरद (फॉस्फरस) लागते आणि या खतात गंधकही असते.

आता तणनाशक, कारण सगळे बरोबर करून शेत इथे मरते. हळदीत लागवडीनंतर दोन-तीन दिवसांत अॅट्राझिन किंवा मेट्रिब्युझिन मारण्याची सवय अनेकांना आहे. यातले काहीही मारले की मूग-घेवडा गेला. उगवतो, दोन पानांवर कडा पिवळ्या-करड्या पडतात आणि आठवड्यात झाड वाळते. लोक त्याला मर समजून बुरशीनाशक ओततात. आधीच्या मक्यात किंवा उसात अॅट्राझिन वापरले असेल तर त्याचा उरलेला अंशही पुरतो. हळद उगवण्याआधी तणांवर ग्लायफोसेट मारण्याची युक्तीही इथे बंद. कडधान्याला चालणारे उगवणपूर्व तणनाशक म्हणजे पेंडीमिथॅलिन. त्याचा ३० टक्के प्रवाही प्रकार असेल तर एकरी सुमारे १.३ लिटर, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओलसर मातीवर. बी ४ सेंमी खोल असावे. उथळ बी औषधाच्या थरात सापडते. वापरण्यापूर्वी डब्यावरील पत्रकात दोन्ही पिकांबाबत काय लिहिले आहे ते वाचावे. आच्छादन करत असाल तर खांद्यावर हातभर नव्हे, चार बोटांची पट्टी उघडी सोडावी. पाचटाखालून मूग वर येत नाही.

तिसाव्या दिवशी दोन कामे. हळदीच्या नांग्या तेव्हाच भरून घ्याव्यात, कारण पुढे कडधान्य त्या झाकून टाकते आणि भरणीला गेल्यावरच रिकाम्या जागा कळतात. आणि मुगाची चार-पाच झाडे खणून, उपटून नव्हे, मुळे पाण्यात धुऊन पाहावीत. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच शोभा. याच वेळी सूत्रकृमीही (मुळांत शिरणारा सूक्ष्म किडा) ओळखता येतो. नत्राची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि बोटाने घासली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, घासून निघत नाही. अशा गाठी सापडल्या तर ही माहिती हळदीसाठी मुगाच्या उत्पन्नापेक्षा मोलाची आहे. मुळांवर गाठी करणारा हा सूत्रकृमी हळद, मूग, चवळी, घेवडा या सर्वांवर जगतो. त्या शेतात पुढे यातले एकही कडधान्य आंतरपीक म्हणून घेऊ नये. तिथे ताग चालतो, कारण तो या सूत्रकृमीला वाढू देत नाही.

ताग घ्यायचा तर धान्याचा विचार सोडायचा. खांद्यावर आणि सरीच्या उतारावर एकरी ८ ते १० किलो बी. ४० ते ४५ दिवसांनी, फुले येण्याआधी कापून वाफ्यावर पसरायचा. पन्नाशी ओलांडली की काडी लाकडी होते आणि कुजताना उलट जमिनीतलेच नत्र काही काळ अडवून ठेवते. पैसे हातात येत नाहीत, पण तण दबते आणि कापलेले सगळे शेतातच राहते. खतासाठी म्हणून आंतरपीक हवे असेल तर प्रामाणिक उत्तर मूग नाही, ताग आहे.

पन्नासावा दिवस निर्णयाचा. वाफ्याच्या टोकाला बसून हळदीच्या पानांच्या उंचीवरून नजर टाकावी. कडधान्य हळदीच्या वर गेले असेल, हळदीचे खोड बारीक आणि लांबट झाले असेल, पाने अरुंद आणि उभी दिसत असतील, तर ती उजेडासाठी झगडते आहे आणि फुटवे कमी येणार. अशा वेळी हळदीवर झुकणारे शेंडे खुडावेत. दोन्ही खांद्यांवर ओळी असतील तर एक ओळ कापून टाकावी. कापताना जीव तुटतो, पण वरचा पाच टक्क्यांचा हिशोब आठवावा. पाऊस लागून राहिला असेल तर दाट पाल्यात हवा खेळत नाही, हळदीच्या खालच्या पानांवर करप्याचे ठिपके आधी तिथेच दिसतात.

फवारणीचा गोंधळ घेवड्यात होतो. त्याच्या शेंगा दर तीन-चार दिवसांनी तोडायच्या असतात. हळदीवर काहीही फवारले तरी ते शेंगांवर पडतेच, आणि औषधाच्या पत्रकावरचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांतले दिवस) पाळला तर दोन तोडण्या जातात. कंदमाशीचा बंदोबस्त बहुधा तीन महिन्यांनंतर लागतो, तोवर घेवडा निघालेला असतो. मुदत पाळण्याचे हेही एक कारण.

काढणी विळ्यानेच, जमिनीलगत कापून. उपटू नये. उपटताना हळदीची मुळे हलतात आणि गाठींसह मूळ शेताबाहेर जाते. पाला तुकडे करून सरीत पसरावा, पाच-सात दिवस सुकू द्यावा, मग वाफसा (चिखल नाही पण ओल आहे अशी स्थिती) पाहून खताचा हप्ता द्यावा आणि भरणीची माती त्यावर ओढावी. हिरवा ढीग हळदीच्या बुंध्याशी टाकू नये. कुजताना उष्णता होते आणि पांढरी बुरशी तिथून गड्ड्यात शिरते. मोझॅक किंवा मूळकुजीची झाडे मात्र पाल्यात मिसळू नयेत.

आल्यासाठी हेच वेळापत्रक थोड्या फरकाने चालते, आल्याला सावली हळदीपेक्षा जास्त मानवते. पण जिवाणूजन्य मर येऊन गेलेल्या जमिनीत भुईमूग नको, तो रोग त्यालाही होतो. धने (कोथिंबीर) या पिकाची गोष्ट उलटी आहे. तिथे हरभरा मुख्य आणि धने मधल्या ओळीत, कारण धन्याच्या फुलांवर येणारे मित्रकीटक घाटे अळीवर उपयोगी पडतात.

निचरा नसलेल्या जमिनीत, लव्हाळा-हराळीने भरलेल्या शेतात, किंवा तोडणीला माणसे मिळणारच नाहीत अशा वेळी आंतरपीक घेऊ नये. बाकी ठिकाणी पहिल्या वर्षी शेताच्या मधोमध तीन वाफे मुद्दाम कडधान्याविना ठेवा, कडेचे वाफे नकोत. काढणीला त्या तिन्हींची आणि शेजारच्या आंतरपीक असलेल्या तिन्हींची ओली हळद वेगवेगळी तोला. वाफ्यांची लांबी सारखी धरा आणि माती झटकूनच वजन करा, नाहीतर चिखलाचेच दोन-तीन टक्के निघतात.